रुखवताला राग नसतो

लग्नसराई आली की माझं डोकं फिरतं. कडुनिंबाचा मोहोर वाटेवर सडा होऊन पडतो, उन्हानं रस्त्याचं डांबर मऊ होतं आणि गल्लीच्या तोंडावर मांडव उभा राहतो. मांडवाच्या खांबाला भोंगा बांधतात. मग दिवसभर एक बाई त्या भोंग्यातून विरहानं मरत असते आणि खाली पंगत बसलेली असते. वाढपी भाताचं पातेलं घेऊन धावतो, नवरदेवाचा मामा हरवलेली चप्पल शोधतो, कुणीतरी मठ्ठा परत मागतो. वर त्या बाईचा जीव चाललाय याची कुणाला फिकीर नसते. आवाज चांगला आहे ना, मग झालं.

यंदा त्यात आमच्या श्रोते मंडळानं भर घातली. परंड्यात आम्ही काही गाणंवेडी माणसं कुणाच्या तरी माडीवर जमतो, कॅसेटी लावतो आणि माना हलवतो. एक दातांचे डॉक्टर आहेत, एक औषधदुकानवाले, काही निवृत्त मास्तर आणि मी निवृत्त मास्तरीण. मागं एका बैठकीत ठरलं की प्रत्येकानं आपल्या आवडत्या गायिका आणि गाणी रचणाऱ्या बायका सुचवायच्या, म्हणजे बाकीच्यांना उन्हाळाभर ऐकायला होतील. सगळ्यांनी भराभर नावं सांगितली. ती तुम्हालाही माहीत असतील, पुन्हा सांगत नाही. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "माझ्या तिघी आहेत. पण त्यांची कॅसेट नाही, तबकडी नाही, आणि त्याही आता नाहीत." डॉक्टर हसून म्हणाले, "मग बाई, ऐकायच्या कशा?" म्हटलं, "वाचून ऐका."

म्हणून हे लिहिते आहे. गोड लिहिणारे मंडळात पुष्कळ आहेत, माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. या तिघी मी ऐकल्या त्या एकाच उन्हाळ्यात. माझी थोरली बहीण मुक्ता हिचं लग्न झालं, तो उन्हाळा. ते लग्न एका गाण्यानं मोडायला हवं होतं. मोडलं नाही, कारण गाणं फार चांगलं होतं.

निजामाचं राज्य होतं आणि जगात कुठंतरी लढाई चालू होती. आमच्यापर्यंत लढाई आली ती रॉकेल आणि कापड मिळेनासं होऊन. आमचं गाव परंडा आणि ईट यांच्या मधलं, काळ्या रानाचं. सुगी उरकली होती. ज्वारीची कणसं खळ्यावरून पेवात गेली, रानात नुसती धसकटं राहिली आणि बायकांचे हात मोकळे झाले. हात मोकळे झाले म्हणजे पापड, कुरडया आणि शेवया. अंगणात शेवयाचा पाट तिरका टेकवलेला असायचा, त्यावर एक बाई पिठाचा गोळा रगडायची, दुसरी खालून उतरणारी तार झेलून बाजेवर टांगायची. ओल्या पिठाचा आंबूस वास, बाजेच्या सुतळीवर वाळणाऱ्या पांढऱ्या तारा, आणि तोंडाची टकळी. त्या अंगणात जी चर्चा व्हायची तशी आमच्या मंडळात आजवर झालेली नाही. कुणाचा गळा, कुणाचे शब्द, कोण ठेक्यात चुकते, कोण दुसरीचं कडवं चोरते, सगळ्याचा निकाल तिथं लागायचा.

निकाल देणारी माझी तुळसा आत्या. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बहीण, गावातच दिलेली. गाण्यासाठी जीव टाकायची. चांगलं कडवं कानावर पडलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. शेजारच्या घरातलं पोर आजारी असलं तर मात्र यायचं नाही.

तिची पहिली पसंती ईटची हरणाबाई. माझीही पहिली शिफारस तिचीच. आमच्या घरी लग्नाची हळद दळायला तिला मुद्दाम बोलावली होती. जात्यावर बसली, खुंट्याला हात घातला आणि तोंड उघडलं, की रस्त्यानं जाणारी माणसं कुडाशी थांबायची. आवाज खालून उठायचा, जात्याच्या घरघरीला पाठीवर घेऊन वर चढायचा आणि वर गेल्यावर अजिबात थरथरायचा नाही. तिच्या ओव्या सगळ्या सुनेवरच्या. एक मला पाठ आहे.

सून म्या आणियेली, लेकीवाणी लाडाची,
सावली धरीते गं, अंगणातल्या झाडाची.

जात्याच्या पलीकडून खुंटा ओढायला तिची सून असायची. तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत उलथन्याचे चटके होते, काही जुने, काही ताजे. सासू लाडाची ओवी म्हणायची आणि सून त्याच हातानं खुंटा ओढायची. मी लहान होते, मला वाटलं आता कुणीतरी काही म्हणेल. आत्यानं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "गळा हाय का खडीसाखर!" पुढं ती सून माहेरी पळून गेली तेव्हा अंगणात हळहळ झाली. "आता हरणाबाईला जात्याला जोडी कोण?" एवढीच.

तर हरणाबाई ऐका. गळ्याचा आणि मनाचा काही संबंध असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी ऐका.

दुसरी बन्नूबी. परंड्याला किल्ल्याच्या अंगाला राहायची, बांगड्या भरायची. टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायची आणि आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात तिला मान होता. बांगडी भरताना हात असा दाबायची की पोरगी कळवळायची, आणि ती ओरडायच्या आत गाणं सुरू करायची. त्यांच्यात लग्नात ढोलकीवर व्याह्यांना शिव्या घालायची रीत. त्या गाण्यांची ती राणी. एका बड्या घरच्या विहिणीला तिनं तोंडावर गाऊन दाखवलं होतं:

समधन के दाताँ देखो,
किल्ले के दरवाजे देखो.

विहीण स्वतःच तोंडावर हात धरून हसली, म्हणजे दात दिसू नयेत म्हणून. मी बन्नूबीला विचारलं होतं, तुम्हाला कुणी मारत नाही का? माझ्या मनगटावर बांगडी चढवत ती म्हणाली, "गाने में बोले सो सब माफ, बेटी. बाहर बोले तो जूता." पुढं निजामी गेली त्या सालात परंडा उलटापालटा झाला आणि बन्नूबीचं घर तिथं राहिलं नाही. कुठं गेली म्हणून मी मोठेपणी चौकशी केली तर जिला तिला तिची गाणी आठवत होती. ती कुठं गेली, हे कुणालाही ठाऊक नव्हतं.

बन्नूबी जे म्हणाली तेच आमच्यातही चालायचं. आमच्याकडं त्याला रुखवत म्हणायचे. लग्नाच्या दिवशी दुपारी मुलीकडच्या बायका दुरड्या घेऊन जानवशाला, म्हणजे नवऱ्याचं वऱ्हाड उतरलं असेल तिथं, जायच्या. दुरडीत लाडू, शेवया, कुरडया, पापड, वर झाकण. एकेक दुरडी उघडायची आणि एकेक कडवं म्हणायचं. कडव्यात नवऱ्याकडच्या माणसांची सालं काढायची. मग त्यांच्या बायका उलटं कडवं म्हणायच्या. सासू चेटकी, सासरा अधाशी, नवरदेव बुटका, काहीही म्हणा. एकच कायदा होता, रुखवताला राग नसतो. जो रागावला तो हरला. आणि मनाला लावून घेणारा अडाणी, कारण रुखवतातलं सगळं खोटं, हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत.

ज्यांच्या घरात जिभेची बाई नसेल ते बाहेरगावाहून आणायचे. तिला लुगडं-खण द्यायचा, पंगतीत पहिला मान द्यायचा. मुक्ताच्या लग्नात कुणाला आणायचं यावर आमच्या अंगणात जुंपली. चुलत्यांच्या बायका हरणाबाईच्या बाजूच्या. आत्या ऐकेना. ती म्हणाली, "हरणा जात्यावर बरी. रुखवताला केवळाच पायजे. ती नवऱ्याच्या गावची हाय. तिला त्यांच्या घरचं आतलं-भाईरचं सगळं ठावं हाय. परकी बाई काय म्हणंल? नाक लांब आन पोट मोठं. केवळा म्हणंल ती कुसळावाणी रुतंल."

हे मी मुद्दाम तिच्याच शब्दांत लिहिलं आहे. केवळाबाईला आणली ती तिला आतलं ठाऊक होतं म्हणून.

केवळाबाई ही माझी तिसरी शिफारस, आणि खरं म्हणजे एकुलती. पहिल्या दोघी गाणाऱ्या होत्या. ही रचायची. सोनारीच्या पल्याड एक गाव आहे, त्याचं नाव मी घेत नाही. तिथं मुक्ताचं सासर आणि तिथंच केवळाबाईचं झोपडं. नवऱ्यानं टाकलेली बाई, लोकांच्या रानात खुरपायला जायची. मुक्ताच्या सासऱ्याच्या रानातही जायची. सोनारीच्या भैरवनाथाच्या यात्रेत आत्यानं तिला ऐकलं आणि तेव्हापासून तिच्या नावाचा धोशा लावला. आवाज गोड नव्हता. रुंद होता, कडेला थोडा फाटलेला. पण समोर जे दिसेल त्यावर ती बसल्या जागी कडवं करायची आणि ते कडवं माणसाला चिकटायचं ते मरेपर्यंत. एका सावकाराला तिनं यात्रेत काय म्हटलं ते मी लिहीत नाही, त्याची नातवंडं परंड्यात आहेत आणि बरी आहेत.

तिला द्यायला लुगडं नव्हतं. कापडाचा दुष्काळ. आत्या बार्शीला गेली. बार्शी म्हणजे इंग्रजाचा मुलूख, मध्ये निजामाचा नाका, नाक्यावर झडती. येताना आत्यानं नव्या लुगड्यावर जुनं लुगडं नेसलं आणि उन्हाळ्याच्या भर दुपारी त्या दोन लुगड्यांत नाका पार करून आली. अंगाला घामोळं उठलं. "कलेसाठी सोसावं लागतं," अशा अर्थाचं काहीतरी ती चार बायकांत म्हणाली. मुलीच्या स्थळाची चौकशी करायला मात्र त्या गावापर्यंत कुणी गेलं नव्हतं. घर मोठं, विहीर बागायती, नवरा बिजवर पण तरणा. पहिली बायको तापानं गेली असं मध्यस्थानं सांगितलं. तापानं माणसं जातातच.

मुक्ता तेव्हा पंधरा-सोळाची असेल. काळीसावळी, दात पुढं, हसताना ओठ मिटून हसायची. मला अंगावर घेऊन झोपायची. ती फार बोलत नसे, त्यामुळं तिला काय वाटतं हे विचारायची कुणाला सवयच नव्हती.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. रुखवत दुपारी गेलं. मी आत्याचा पदर धरून गेले. जानवसा एका गोठ्यात दिला होता, गुरं काढून शेणानं सारवलेला, तरी मुताचा वास होताच. बायका समोरासमोर बसल्या. कडेला पुरुष माणसं होती. आबा होते, आणि नवऱ्याकडून आलेला परंड्याच्या कचेरीतला एक कारकून होता. शेरवानी, डोक्यावर गोंड्याची लाल टोपी, तोंडात पान. गाण्याचा शौकीन म्हणून त्याला मुद्दाम पुढं बसवलं होतं.

केवळाबाईनं पहिली दुरडी उघडली.

लाडवाची रचली रास, वर खोवला तुरा,
इहिणीच्या घरी बाई पाव्हण्याला चुरा.

हशा झाला. विहीण म्हणजे मुक्ताची सासू, हिरव्या लुगड्यातली, अंगानं भरलेली. तीही हसली. मग पापड.

पापडाला गेला तडा, उडाला तुकडा,
व्याह्याच्या मिशीचा एक केस वाकडा.

व्याह्यांनी मिशीवर हात फिरवला, लोक लोळले. केवळाबाई हसत नव्हती. तिनं शेवयांची दुरडी उघडली आणि जरा वेळ शेवयांकडं बघत राहिली.

शेवयांचा वळला दोर, दोराला बसली गाठ,
पहिल्या सुनंनं धरली बाई आडाची वाट.

कुरडईचं केलं फूल, फुलाखाली वळ,
नवरदेवाच्या हातामंदी आसुडाचं बळ.

गावाला सांगितला ताप, ताप नव्हता अंगाला,
इहिणबाईनं लावली कडी आतल्या दाराला.

सासूचं हसू थांबलं. मी अगदी समोर होते, मला दिसलं. ती केवळाबाईकडं बघत होती आणि तिचा हात हिरव्या चुड्यावर घट्ट बसला होता. मग तिला कायदा आठवला असावा. ती हसली, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. ती हसली म्हटल्यावर गोठा दणाणला. एवढं मोठं झोंबणारं कडवं आमच्याकडं कुणी ऐकलंच नव्हतं. आणि तो कारकून मांडीवर थाप मारून म्हणाला, "वाहवा! मुकर्रर, मुकर्रर!"

केवळाबाईला ते कळलं नाही. ती आबांकडं बघायला लागली. आबांनी हसत हसत तिला सांगितलं, "सायब म्हणत्यात परत म्हण. म्हण बाई, लई झ्याक हाय."

तिनं परत म्हटलं. या खेपेला टाळी वाजवली नाही, चालही जवळजवळ सोडली. एकेक शब्द आबांच्या तोंडाकडं बघत म्हटला, शाळेत मंद पोराला समजावतात तसा. मी पुढं जन्मभर मास्तरकी केली, म्हणून ते बघणं मला आता ओळखता येतं. लोक आणखी हसले. "काय ठसका हाय," आत्या म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मागच्या बैठकीत मी ही कडवी मंडळात म्हणून दाखवली. पुढचंमागचं काही न सांगता, मुद्दाम. डॉक्टरांनी डोळे मिटून मान हलवली. औषधदुकानवाले म्हणाले, "चाल कोणती हो?" एक मास्तर म्हणाले, "लोकवाङ्मयाची ताकद बघा." आणि मग सगळे मिळून म्हणाले, बाई, पुन्हा एकदा म्हणा. मी म्हटली. मला राग आला नाही, गंमत वाटली. गोंड्याची टोपी गेली, निजाम गेला, आसूड गेला की नाही ठाऊक नाही, पण रसिक माणूस होता तिथंच आहे.

रुखवत उरकून आम्ही घरी आलो. मुक्ता माजघरात हळदीच्या अंगानं भिंतीला टेकून बसली होती. नवरी जानवशाला येत नसते, तिनं काहीच ऐकलं नव्हतं. तिनं मला जवळ ओढलं. "काय म्हणाली गं केवळा?" माझं पाठांतर चांगलं. मी सगळं म्हणून दाखवलं, लाडवापासून कडीपर्यंत. लाडवाला ती ओठ मिटून हसली. शेवयांना हसली नाही. कडीचं कडवं तिनं मला पुन्हा म्हणायला लावलं नाही, एकदाच पुरलं. ती उठून आत्याकडं गेली. "आत्या, केवळा म्हणती ती खरं हाय का? पहिली आडात गेली का?"

आत्या लुगड्याच्या निऱ्या करत होती. "रुखवतातलं खरं धरत्यात व्हय, येडे?"

"ती त्याच गावची हाय की. तुमीच म्हणलाव, तिला आतलं ठावं हाय."

"म्हणून तर कडवं बसलं. बस गप. अंगाला हळद लागली, आता आसं बोलू न्हाय."

मुक्ता मायकडं गेली. माय चुलीपुढं होती. मायनं ऐकलं, हातातला झारा खाली ठेवला, दाराकडं बघितलं. दारात वऱ्हाड, वाजंत्री, दुरड्या, सोयरे. मायनं झारा परत उचलला. "आबाला आत्ता काय सांगू? भरला मांडव हाय," म्हणाली.

एवढ्या माणसांत ते गाणं एका पोरीनं ऐकलं. तिनं आवाजही ऐकला नव्हता, चालही नाही, माझ्या बोबड्या पाठांतरातून तिला पोचलं. बाकीच्यांनी नुसता कान लावला. माझं मत विचाराल तर आपल्याकडं बाईला खरं बोलायला एक जागा मोकळी ठेवली आहे, आणि ती थट्टेची म्हणून आधीच जाहीर करून टाकली आहे. जिथं राग धरायचा नाही तिथं खरंही धरायचं नाही. हरणाबाईचं खोटं जात्यावर बसून खरं झालं आणि केवळाबाईचं खरं दुरडीवर बसून खोटं झालं. सूर्य टेकला, धुळीत गुरं परतली आणि मुक्ताच्या डोक्यावर अक्षता पडल्या. मीही टाकल्या, मला लाल तांदूळ आवडायचे.

केवळाबाई पंगतीला थांबली नाही. लुगडं घेतलं आणि गेली. आत्याला ते लागलं. "मान दिला तर जेवली सुदिक न्हाय," म्हणाली.

नागपंचमीला मुक्ता माहेरी आली. लिंबाला झोका बांधला होता, बायका फेर धरून गात होत्या. तिला ओढून नेलं तर ती फेरात उभी राहिली, पण गायली नाही. हातातल्या बांगड्या जोडीच्या नव्हत्या, फुटतील तशा भरलेल्या. झोक्यावर आम्ही दोघी होतो तेव्हा ती म्हणाली, "ठके, ती कडवी आठवत्यात का तुला?" मी म्हणायला लागले. कुरडईच्या कडव्याला तिनं मला थांबवलं. "केवळाचं हितं चुकलंय. आसूड न्हाय. बैलाची येसण हाय. जुळवाया घातलं आसंल तिनं." असं म्हणून ती हसली आणि झोक्याला पाय मारला.

मी मायला सांगितलं. मायनं तिची पाठ बघितली. मग आबांना सांगितलं, आणि आबा अंगणात जाऊन बसले. आत्या आली. "सासर कुणाला सुटलंय? पहिलं साल जड जातं," म्हणाली. पंचमी झाल्यावर आबांनीच गाडी जुंपली आणि तिला पोचवून आले. लेक घरी ठेवली तर लोक काय म्हणतील, आणि खाली धाकटी आहे, असा हिशेब. धाकटी म्हणजे मी. मला त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, मला लग्नच करायचं नाही. पुढं केलंही नाही. पण तेव्हा माझ्या नावावर तिला गाडीत बसवली. ती रडली नाही. माय रडली, आणि रडताना तिनं शब्द लावले नाहीत म्हणून चुलत्यांच्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं.

पुढची सुगी व्हायच्या आत सांगावा आला. ताप आला आणि गेली.

आबा पोचेपर्यंत जाळून झालं होतं. परत निघाले तर वेशीत एका म्हाताऱ्यानं बैल थांबवले आणि हळूच सांगितलं, पोर आडात सापडली. आबा घरी आले आणि ओसरीवर बसले. पाण्याचा तांब्या दिला तो हातात धरूनच राहिले. सगळे विचारत होते, कशानं, कशानं. आबांनी माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "तापानं."

त्या दिवसापासून आमच्या घरानंही गावाला ताप सांगितला. चावडीवर कुणी गेलं नाही. मायनं सांगितला, आत्यानं सांगितला. सांगून सांगून आत्याला तो खराही वाटायला लागला. तापात मुक्ता काय बरळत होती तेही ती सांगायची, आणि फार छान सांगायची.

दुखवट्याला बायका यायच्या. आमच्याकडं आलेली बाई उंबऱ्यापासून गळा काढते. गेलेल्या माणसाचे गुण, त्याचं बालपण, त्याची राहिलेली हौस, सगळं शब्दांत बांधून रडायचं. ज्या बाईला ते साधतं तिचं नाव होतं, आणि कुणी कसा गळा काढला याची चर्चा महिनाभर पुरते. हरणाबाई येऊन गेली होती. तिनं मुक्ताला लेकीवाणी लाडाची केली, घर हुंदक्यांनी भरलं.

मग एका दुपारी केवळाबाई आली. पायी, तेच बार्शीचं लुगडं नेसून. घडीच्या रेघा तशाच दिसत होत्या, म्हणजे पहिल्यांदाच नेसली असावी. ती दारात दिसली आणि माजघरातलं रडणं आपोआप थांबलं. बायका सरकून बसल्या, जागा केली. आत्यानं पदर सावरला, मायच्या पाठीवरचा हात काढून मांडीवर घेतला आणि मान थोडी पुढं केली. सगळ्यांना ठाऊक होतं, आता काहीतरी ऐकायला मिळणार.

केवळाबाई मायपुढं बसली. तिनं पदर तोंडावर ओढला नाही. गळा काढला नाही. नुसती बसून राहिली. ओसरीवरून आबा उठून आत आले. बायकांच्या बैठकीत पुरुष येत नसतो, पण ते आले आणि तिच्यासमोर उभे राहिले.

"बाई, तुमाला ठावं व्हतं," ते म्हणाले. "मग तुमी सांगितलं का न्हाय?"

केवळाबाईनं वर बघितलं.

"सांगितलं की, आबा. भरल्या बैठकीत सांगितलं. तुमी परत म्हण म्हणलाव, म्या परत सांगितलं."

आबा तसेच उभे राहिले. ती उठली, मायच्या गुडघ्याला हात लावला आणि उन्हात चालती झाली. कुणी तिला पाणी विचारलं नाही. मग आत्यानं सुस्कारा टाकला आणि शेजारणीकडं वळून म्हणाली, "एक कडवं सुदिक म्हणली न्हाय. आवाज बसला वाटतं तिचा."